विसणाचा तांब्या

“झालं बघ पानी. आण पोरीला,” जयराज न्हाणीतून म्हणाला.

संयोगितानं लेकीला कडेवर घट्ट धरलं. बादलीतून वाफ निघत होती आणि त्याच्या उजव्या हाताची बोटं पाण्यात होती. कातडी लालबुंद झालेली तिला दाराशीच दिसली. तो आपला निवांत बोटं हलवत होता.

बंबातल्या कढत पाण्यात गार पाण्याचं विसण घालायचं काम, पोर जन्मल्यापासून त्याचंच. “तापल्याल्या पत्र्यावर दिस काढतोय मी. ऊन-गार मला इचारा,” असं तो आईला ऐकवायचा.

दिवाळीनंतर तासगावात बेदाण्याच्या शेडवर पत्रे चढवताना वाऱ्याचा झोत आला. पत्रा सोडला असता तर खाली उभ्या असलेल्या जोडीदार नाथाजीच्या मानेवर गेला असता. जयराजनं सोडला नाही. धार उजव्या तळहातातून सरकत गेली. हातमोजे खिशातच होते. मोजे घातले की पकड सुटते म्हणे. जखम भरली. बोटांची जाण परत येईलच असं नाही, असं डॉक्टर दोघांसमोर म्हणाले तेव्हा तो खिडकीबाहेर बघत होता. घरी मात्र त्यानं “हात बरा झाला” एवढंच सांगितलं. सासूबाईंनी ते गल्लीभर केलं. संयोगिता कुणाला काय सांगणार?

काल नाथाजी येऊन गेला. “वैनी, ह्याला किती दिस पाळण्यापाशी बसवताय? वर चढाय मानूस न्हाई आमच्याकडं.”

“सोमवारी येतो रं,” जयराज हसून म्हणाला होता. रात्रभर तिचा डोळा लागला नव्हता.

“अहो, टॉवेल राहिला. आणता जरा?” ती आता म्हणाली. रोजचीच युक्ती. तो वळताच तिनं तांब्याभर गार पाणी ओतलं, मग दुसरा.

टॉवेल दोरीवरच होता. तो लगेच परतला.

तिच्या हातातला तांब्या ठिबकत राहिला.

“रोज घालतीस व्हय?”

तिनं तांब्या खाली ठेवला. त्यानं टॉवेल दारावर टाकला आणि तो बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी ती लेकीला घेऊन न्हाणीत आली, तर वाफाळती बादली तयार होती. शेजारी गार पाण्यानं भरलेला तांब्या. जयराज उंबऱ्यावर पाठमोरा बसून नाथाजीशी फोनवर बोलत होता. “वर दुसरा बघ गड्या. न्हाई, माझ्यानं न्हाई व्हायचं. खालचं काय काम असलं तर सांग.”

त्यानं फोन खिशात टाकला. आत तांब्या रिता झाल्याचा आवाज आला.

“जमलं का गं पानी?” त्यानं न वळता विचारलं.

“जमलं,” ती म्हणाली.