पाठिंब्याआधी

मितालीने समुद्राचा नकाशा समाजमंदिराच्या भिंतीला टाचला, तोच वाऱ्याने त्याचा कोपरा उडवला. पुढे बसलेली वाडीतली रखमी उठली आणि तो तळहाताने दाबून उभी राहिली.

सिद्धगडाखालच्या या वाडीत मुरबाड-शहापूरकडचे जंगल राखणारे गट जमले होते. समुद्रातलं राखीव क्षेत्र वाढवावं, या मागणीला डोंगरातल्यांचाही पाठिंबा मिळावा, म्हणून मिताली किनाऱ्यावरून आली होती. मोठे ट्रॉलर तळ खरवडून नेतात, गाबोळीने, म्हणजे अंड्यांनी भरलेली मासळीही सुटत नाही, हे तिने कळकळीने सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. टाळी मात्र कुणी वाजवली नाही.

“आमी पन राखीवातच राहतो,” रखमी म्हणाली. “अभयारन्य झालं तवा आमाला कुनी इचारलं नाय. मग सरपनाला गेलं तरी चोर. जंगल आमाला बी पायजे गो. पन तुज्या त्या समुद्रात होड्या नेनारी मानसं हायेत, त्यांना इचारलं का?”

“छोट्या होड्यांना मुभा राहील, मावशी. मागणीत तसं आहे.”

“त्यांना ठावं हाय?”

मिताली रखमीच्या हाताखालचा कोपरा टाचू लागली.

“तुजा बा काय करतो?”

“होडी आहे त्यांची.”

“मग तो काय म्हनतो?”

मितालीने उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या. “हे काम घेतल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत.”

बैठक बोलावणारा अनंता खाकरला. ठरावाचं बघू या, म्हणाला. रखमीने नकारार्थी मान हलवली.

“आधी आमी तिकडं जाऊ. हिच्या बाला भेटू. आमचं काय झालं ते सांगू, त्याचं ऐकू. तो संगं आला, तर समदे मुंबईपरेंत, सरकारच्या दारात येऊ.”

कुणीच विरोध केला नाही. मिताली पाठिंबा न घेताच बाहेर आली. बांधावर रेंज होती. तिने घरी फोन लावला. नेहमी आई फोन उचलायची. आज वडिलांनी उचलला.

“बाबा, मुरबाडहून बोलतेय. इथल्या लोकांना तुम्हाला भेटायचंय. राखीव क्षेत्राबद्दल.”

“मला?”

“हो. तुम्हालाच.”

 

“भरतीच्या वेळेला आण त्यांना,” ते म्हणाले. “होडीतून नेतो. तू पण बस. ती तुझी हद्द कुठं येते, दाखव मला.”