शालूबाई डॉट इन

हट्टा गावात लग्न कुणाचंही असो, आमटीला येसर शालूबाईचाच. बाजरी, डाळी, धने, खोबरं असं भाजायची की वासावर माणसं दारात येऊन उभी राहायची. आता तो येसर पाकिटांतून नांदेड-परभणीपर्यंत जात होता. पाकिटावर ठसठशीत नाव होतं, शालूबाईचा येसर. त्यामुळं नागपूरच्या मोठ्या दुकानाचा फोन आला तेव्हा बाईची मान वीतभर ताठ झाली.

फोन सून वैष्णवीनं घेतला होता. तिनं तो ठेवताच शालूबाईनं विचारलं,

"काय म्हनला गं?"

"येसर लई आवडला म्हणे. पण दराचा कागद ज्या ईमेलवरून धाडला, त्याच्यावर भरोसा बसंना. पाकिटावर शालूबाई अन् पत्त्यावर रावडी बालाजी, हा कोण? सोमवारपर्यंत नीट पत्त्यावरून पाठवा, न्हाईतर राहू द्या म्हणले."

शालूबाईनं लेकाकडं, बालाजीकडं पाहिलं. "हे नाव कुणी ठिवलं रं? मी तर न्हाई."

"कॉलेजात काढलं व्हतं, माय."

"तवा अक्कल न्हवती, मान्य. पर दोन लेकरांचा बाप झालास, आता तरी बारसं करून घ्यायचं!"

वैष्णवी म्हणाली, "आत्याबाई, आपल्याच नावाचा पत्ता घेता येतो. शालूबाई डॉट इन. दरसाल थोडे पैसे भरायचे."

"नाव माझं, अन् भाडंबी मीच भरू? काहून?"

वैष्णवीनं मांडणीवरचा तांब्या काढून सासूपुढं धरला. "काय कोरलंय?"

शालूबाई दोन यत्ता शिकलेली. बोट फिरवत वाचलं, "उत्तमराव."

"मामंजींचं नाव हाय म्हणून पंगतीला दिलेला तांब्या बराबर आपल्या घरी येतो. कोरायचे पैसे दिलेच ना? फुकटचा पत्ता म्हंजी बिननावाचं भांडं. कुणाच्याबी घरात खपतं."

शालूबाई तांब्याकडं बघत राहिली. नावाविना पंगतीला गेलेली तिची दोन पातेली अजून गावातल्या जिवनबाईच्या घरात होती.

"घे मंग," ती म्हणाली.

"मागं शालूबाई डॉट इन," बालाजी हुरूपानं म्हणाला, "अन् पुढं बालाजी लावू."

"चिठ्ठ्या तू लिहितोस का? लिहून राहिली ती. तिचं नाव लाव." मग सुनेकडं बघून म्हणाली, "चुकलं तर शिव्या तुला. वाहवा झाली तर मागं मी हायेच."

वैष्णवी पदरात तोंड घालून हसली.

रविवारी नव्या पत्त्यावरून कागद गेला. सोमवारी दुपारी उत्तर आलं. वैष्णवीताई, चाळीस किलो पाठवा, शालूबाईंना नमस्कार सांगा. शालूबाईनं ते तीनदा वाचून घेतलं. चौथ्यांदा शेजारीण आली म्हणून.

बुधवारी ती वसमतला गुलाम नबीच्या भांड्यांच्या दुकानात गेली आणि येसरासाठी मोठा डबा घेतला. त्यानं कोरायचं मशीन हातात घेतलं.

"उत्तमरावच ना, भाभी?"

"न्हाई. आज हे." तिनं वैष्णवीनं नवा ईमेलचा पत्ता लिहून दिलेली चिठ्ठी पुढं केली.

गुलाम नबी मधल्या खुणेपाशी अडला. "हे गोल गोल काय?"

"अलीकडं सून, पलीकडं मी. मधला उंबरा हाय तो."

"अन् उत्तमरावांनी विचारलं तर?"

"सांगा, तुमचे तांबे तुमच्यापाशीच हायेत."

तो हसला, चष्मा वर सरकवला आणि डब्यावर वाकला. उंबरा वाकडा निघू नये म्हणून शालूबाई शेजारीच उभी राहिली.