इसिडोरच्या राईतली सावर

भांडुपच्या आमच्या चाळीला अंगण म्हणून नव्हतंच. होती ती टेकडीच्या उतारावरची, इसिडोर नावाच्या ख्रिस्ती शेजाऱ्याची राई. आंबे, जांभळी, मधोमध एक उंच सावर आणि कधीच बंद न होणारं फाटक. संध्याकाळी अख्खी चाळ तिथे पाय मोकळे करायला जायची आणि जणू बापजाद्यांची जमीन असावी अशा थाटात फिरायची.

गुणाजीची बायको रुक्मिणी आजारातून उठली तेव्हा डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं. ती दमायची, म्हणून इसिडोरने सावरीखाली एक बाक ठोकून दिला. त्याची बायको पर्पेच्युआ त्याच झाडाच्या कापसाची उशी शिवून घेऊन आली. रुक्मिणी ती पाठीशी घेऊन बसायची.

गुणाजी कुर्ल्याच्या गिरणीत कामाला. गावी होळीचा मान त्याच्या घराण्याचा, इथे मात्र त्याला कुणी विचारत नव्हतं, आणि हे त्याला फार लागायचं. त्या वर्षी त्याने ठरवलं की चाळीची होळी सगळ्या भांडुपात उंच झाली पाहिजे, आणि त्याची नजर सावरीवर गेली. झाड फुलांनी लालभडक झालं होतं.

"इसिडोरभावोजी गोराईक गेलेत बहिणीकडे. येवंदेत तरी," रुक्मिणी म्हणाली.

"होळयेच्या झाडाक कोण इचारता? आमच्याकडे मालकच खुशीन नारळ घेवन येता."

गावी ते खरंच होतं. ज्याचं झाड होळीला जाई तो स्वतःला भाग्यवान समजे. पण तिथे मालकही होळी पेटवणाराच असतो, एवढं साधं गुणाजीच्या डोक्यात आलं नाही. अडाणी नव्हता हो तो, मानाला हपापलेला होता. भर दुपारी ढोल वाजवत चाळीने सावर तोडली, खांद्यावर घेऊन मिरवली, आणि पुढे गुणाजी फेटा बांधून.

संध्याकाळी होळी उभी राहिली, आंब्याचे टहाळे बांधले गेले, आणि इसिडोर गोराईहून परतला तो हातातल्या पिशवीसकट तिथेच येऊन थांबला. ढोल आपोआप बंद पडला.

"आमची सावर ना ही?" त्याने विचारलं.

"व्हय," गुणाजी म्हणाला. "मान दिलो तुमच्या झाडाक." घरून पाठ करून आणलेलं भाषण तिथेच संपलं.

इसिडोरने टोपी काढली आणि शेंड्यापर्यंत पाहिलं. "दोन महिने थांबला असतास तर कापूस तरी आला असता. पर्पेच्युआ रुक्मिणीवयनीला आणखी एक उशी करणार होती." मग तो हळूच म्हणाला, "चालू दे तुमचं. मी आलो म्हणून पूजा थांबवू नको."

नारळ त्याच्याकडे नव्हता. पिशवीत हात घालून त्याने बहिणीने दिलेली पिकली केळी काढली, होळीपाशी ठेवली आणि घरी गेला. गुणाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. होळी पेटवायला त्याचा हात पुढे होईना. शेवटी दुसऱ्याच कुणीतरी पेटवली.

आता फाटकाला कुलूप लागणार, असं चाळीत प्रत्येक जण म्हणू लागला. कालपर्यंत खांदा देणारे आज गुणाजीला बोल लावत होते. गंमत अशी की गुणाजीलाही कुलूपच हवं होतं. कुलूप दिसलं असतं तर त्याला भांडता आलं असतं, निदान गप्प तरी बसता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी तो रुक्मिणीला घेऊन गेला. फाटक उघडं होतं. सावरीचा बुंधा उन्हात पांढरा पडला होता, आणि बाक आंब्याच्या सावलीत ओढून ठेवला होता. पलीकडून इसिडोरने हात केला.

"जा तू," गुणाजी रुक्मिणीला म्हणाला. "मी हयसरच उभो रवतंय."

पुढे रोज तसंच झालं. बायको आत फिरायची आणि हा माणूस फाटकाबाहेर रस्त्याकडे तोंड करून उभा राहायचा. ओळखीचं कुणी आलं की विडी पेटवायचा. माफी मागायला जायचं असं तो रोज घरून ठरवून निघे आणि फाटकाशी आला की पाय उचलत नसे.

एके संध्याकाळी रुक्मिणी बाहेर आली आणि त्याच्याबरोबर चालू लागली. चाळीच्या नळापाशी आल्यावर म्हणाली, "इसिडोरभावोजी आज घाबरत घाबरत इचारी होते. म्हणाले, गुणाजीक आमचो राग इलो काय?"