अकरा ते बारा चालणारं यंत्र

अकराला पाच मिनिटं कमी होती आणि रामदासपेठेतल्या रक्तसखा मंडळाच्या कार्यालयात पाय ठेवायला जागा नव्हती. महाराजांपुढे ठेवायला कुणी बंद पडलेला मोबाइल आणला होता, कुणी इन्व्हर्टरचा फोटो. एका आजीबाईंनी तर पिशवीत घालून मिक्सरच आणला होता. अडगळीच्या खोलीत, लाल कापडाने झाकलेल्या जुन्या सर्व्हरपुढे विद्युतानंद महाराज डोळे मिटून बसले होते. मंडळाचे सचिव मनोहरराव यांनी भिंतीवरचं बटण दाबलं. दिव्यांची माळ लुकलुकली. मग त्यांनी टेपवर आरती लावली. महाराजांनी अकरा वेळा मंत्र म्हटला आणि हात वर केला.

बाहेरच्या टेबलावर पुष्पलताबाईंनी रक्तदात्यांच्या यादीचं पान उघडलं. एरवी दिवसभर ‘संपर्क होऊ शकला नाही’ एवढंच सांगणाऱ्या पडद्यावर नावं धडाधड उतरली. लोकांनी हात जोडले. भिंतीला टेकलेली मिनल मात्र पडद्याकडे पाहत राहिली. मंडळाची वेबसाइट सांभाळणं हे तिचं काम, आणि हे असं का होतंय ते तिला सांगता येत नव्हतं.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांना वरचेवर रक्त लागतं, आणि वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींना तर गट जुळला तरी प्रत्येकाचं रक्त चालत नाही. कुणाला कुणाचं जुळतं, याची नोंद मंडळाच्या यादीत. गेल्या आठवड्यात मिनलने ती यादी आणि ती दाखवणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, नव्या सर्व्हरवर हलवली. जुना डबा भंगारात जायचा होता. पण सात दसरे त्याला हळदकुंकू लागलेलं. पूजेतली वस्तू भंगारात देत नाहीत, म्हणून मनोहररावांनी तो होता तसा, तारा जोडून, अडगळीच्या खोलीत ठेवला, आणि सवयीप्रमाणे रिकाम्या खोलीचं बटण बंद केलं. त्याच दिवशी यादी बंद पडली.

मिनलने केबल तपासली, पासवर्ड तपासला, दोन दिवस जेवणाकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी मनोहरराव महाराजांना घेऊन आले. महाराजांनी निदानाला वेळ लावला नाही. आसनस्थ यंत्र हलवल्यामुळे त्यातली विद्युत-कुंडलिनी खवळली होती. शिवाय नव्या सर्व्हरची मुंज झालेली नव्हती. त्याच्या तोंडून डेटा निघणार कसा? मग यंत्राला हात कुणी लावला, असं विचारून त्यांनी मिनलचं आडनाव विचारलं आणि सूचकपणे मान हलवली. तिचे आजोबा छप्पन साली दीक्षाभूमीवर उभे होते. त्या प्रश्नाचा अर्थ तिला कुणी समजावायची गरज नव्हती.

एकवीस दिवसांचं अनुष्ठान ठरलं. नव्या सर्व्हरच्या कपाटाला लाल दोरा बांधला गेला. मिनलने त्याला शिवायचं नाही. आज पाचवा दिवस. संताप गिळून ती रोज एकच विचार घोळवत होती. स्क्रिप्ट चुकीच्या पत्त्यावर जात असती तर कधीच चालली नसती. पण ती अकरा ते बारा चालत होती. म्हणजे पत्ता बरोबर. मग चुकत काय होतं?

दुपारी चारला खापा गावचे लहानूभाऊ धापा टाकत आले. त्यांची एकोणीस वर्षांची मुलगी सरिता, सिकलसेलची रुग्ण, दवाखान्यात होती. पुष्पलताबाईंनी पान उघडलं. संपर्क होऊ शकला नाही. मनोहरराव ओशाळून म्हणाले, मुहूर्त टळला, उद्या अकराले या.

"डॉक्टरनं संध्याकाळपावतर रक्त पाहिजे म्हणलं जी," लहानूभाऊ म्हणाले. "उद्यापर्यंत नाही थांबता येत तिले."

जेवून पुन्हा आसनावर टेकलेल्या महाराजांनी त्यांच्या हातावर अंगारा ठेवला. तो हात तसाच पुढे धरून लहानूभाऊ उभे राहिले. मिनलच्या डोक्यात सणक गेली.

अकराला जे होतं आणि चारला जे नसतं, ते तिने भराभरा मोजलं. मंत्र, आरती, माळ; बाराला महाराज जेवायला उठले की मनोहरराव सगळं बंद करत. अनुष्ठानाच्या दुसऱ्या दिवशी माळ लावायची राहिली होती, तेव्हा मंत्र फुकट गेला होता. त्यानंतरच महाराज रोज बजावू लागले होते, आधी ज्योत, मग मंत्र. ती खोलीत शिरली आणि माळेची तार धरून मागे गेली. तार एका बोर्डात जात होती. त्याच बोर्डात जुन्या सर्व्हरची पिन होती.

तिने भिंतीवरचं बटण दाबलं. माळ पेटली. आरती वाजत नव्हती, त्यामुळे लाल कापडाखालून सर्व्हरच्या पंख्याची घरघर सगळ्यांना ऐकू आली.

"अवेळी यंत्र जागवू नये," महाराज म्हणाले.

 तीन मिनिटं ती घड्याळ पाहत उभी राहिली. तेवढ्या वेळात मंत्र अकरा वेळा म्हणून व्हायचा, आणि जुना सर्व्हरही सुरू व्हायचा. मग तिने पुष्पलताबाईंना पान उघडायला सांगितलं. नावं उतरली. सरिताला जुळणारे प्रेमानंद कामठी रोडवर कामाला होते. फोन लागला, निघतो म्हणाले.

"सकाळच्या मंत्राचा प्रभाव उरला आहे," महाराजांनी लोकांना समजावलं.

"मग आता बटण बंद करते," मिनल म्हणाली. "तुम्ही मंत्र म्हणा."

महाराजांना मठात जायची आठवण झाली. पण मनोहरराव दारात उभे राहिले. म्हणाले, मंत्र म्हणूनच जा. मंत्र अकरा वेळा झाला, मग बावीस वेळा. पानावर नावं उतरली नाहीत. मनोहररावांनी स्वतःच कपाटाचा दोरा तोडला.

मिनलने स्क्रिप्टच्या सगळ्या फायली ओळीओळीने वाचल्या. सर्व्हरचा पत्ता दोन ठिकाणी लिहिलेला होता. तिने एकाच ठिकाणी बदलला होता. नवा सर्व्हर नावं मागायला जुन्याच्याच दारावर जात होता, आणि ते दार माळ पेटली की उघडायचं. तिने दुसरा पत्ता बदलला, बटण लावून पाच दिवसांत जुन्यावर चढलेली नावं नव्यावर घेतली आणि अडगळीच्या खोलीचं बटण बंद केलं. यादी चालू राहिली.

"चूक माझी होती," ती जमलेल्यांना म्हणाली. "माणसाची चूक शोधली की सापडते. कोप म्हणून सोडून दिली की कोणी तारेच्या मागं जात नाही. काही बंद पडलं तर एवढंच विचारा, काय बदललं, आणि काय केल्यानं चालते. यंत्रासाठी विचारा, आजारासाठीबी विचारा."

महाराज तेवढ्यात निघून गेले होते. प्रेमानंद निघाल्याची खात्री होईपर्यंत थांबलेले लहानूभाऊ दवाखान्याकडे जायला वळले आणि दारात थांबले.

"मी कालबी आलो होतो, याच वेळेले. तुम्हीच म्हणलं, अकराले या. सकाळी पोरीले सोडून निघताच नाही आलं. हे काल होऊ शकत होतं का?"

मिनलला तो आवाज आत्ता आठवला. काल वैतागून, वरही न पाहता, तिनेच त्यांना परत पाठवलं होतं.

"हो," ती म्हणाली. "कालच होऊ शकत होतं."

 मिनलने गाडीची किल्ली उचलली आणि लहानूभाऊंना दवाखान्यात सोडायला निघाली.