बोन-चोल साहेबांचा अभ्यास

सोलच्या एका विमा कंपनीतले विभागप्रमुख बोन-चोल स्कूबा डायव्हिंगच्या पहिल्या परीक्षेसाठी जेजू बेटावर आले आणि आमच्या शेजारी ह्यॉन काकूंकडे उतरले. काकू बहात्तर वर्षांच्या. नुसता दम धरून समुद्रात बुडी मारायची आणि शिंपले काढून आणायचे, हा त्यांचा जन्माचा धंदा.

साहेब पुस्तक तीन रंगांच्या पेनांनी रंगवत. जेवतानाही पाठांतर चाले.

"पहिला नियम ऐका, काकू. पाण्याखाली श्वास कधीच रोखायचा नाही."

"म्हणजे मी नापास," लसूण सोलता सोलता काकू म्हणाल्या.

"तुम्हाला नाही कळायचं. यात शास्त्र आहे."

"असेल बाबा. समुद्रात पाय बुडवलात का अजून?"

"तो धडा शनिवारी आहे."

लेखी परीक्षेत साहेबांना पन्नासपैकी पन्नास मिळाले. उत्तरपत्रिकेचा फोटो अख्ख्या ऑफिसला गेला. शनिवारी कमरेएवढ्या पाण्यात गुडघे टेकून मास्कमध्ये थोडं पाणी घेऊन ते नाकाने फुंकून बाहेर काढायचं होतं. नाकाला पाणी लागताच साहेबांनी तोंडातली हवेची नळी थुंकली आणि शिक्षिकेच्या गळ्याला अशी मिठी मारली, की दोघांनाही किनाऱ्यावर ओढून आणावं लागलं. तिने तिथेच नापास केलं.

रात्री जेवताना साहेब शिक्षिकेच्या चुका पानांच्या आकड्यांसकट सांगत होते. काकूंना दया आली. शिंपल्यांची पेज वाढत त्या म्हणाल्या, "उद्या माझ्याबरोबर चला. हात धरून शिकवते."

साहेबांनी चमचा खाली ठेवला. "तुमच्याकडे प्रमाणपत्र आहे?"