झऱ्यापासून वर

डोंगर वाचवायला तीन देशांचे साहेब भामरागडच्या जंगलात आले, तेव्हा वाट दाखवायला गावानं वारलूलाच पुढे केलं. साल एकोणीसशे सत्तावन्न. झऱ्यापाशी थांबून साहेबांनी दुभाष्याकरवी विचारलं, "गावची माणसं कुठवर जातात?"

वर पठारावर गावाचं मसण होतं, पण पाहुण्यांपुढे मसणाचं नाव कोण काढतो? वारलू ऐटीत म्हणाला, "इथवरच. वरचा डोंगर देवाचा हाय, आमी पाय नाई ठेवत."

साहेब खूश झाले. त्यांनी कागदावर वारलूचा अंगठा घेतला आणि झऱ्याला लागून हद्दीचे चुना फासलेले दगड रोवले.

पुढच्या उन्हाळ्यात वारलूचा बाप गेला. तिरडी झऱ्याशी पोचली, तर जंगलच्या शिपायानं काठी आडवी धरली.

"बाप हाय माझा, भाऊ. त्याची जागा वर हाय."

"गावचं कोणी वर जात नाई, असं लिहून हाय."

"कोण्या हरामखोरानं सांगतलं?"

शिपायानं कागद उलगडला. वारलूला अक्षर वाचता येत नव्हतं. पण खालच्या अंगठ्यावर मधोमध कुऱ्हाडीच्या जखमेची रेघ होती, ती त्यानं ओळखली. खांद्यावर बाप तसाच होता.