कवडूचा निवाडा कवडूलाच

दुपारी तीनला उत्कर्षाला तिच्या गाइड मॅडमचा फोन आला. कोर्टाचा एक नवा निवाडा तिसऱ्या प्रकरणात लागेल तिथं घाला आणि पाचच्या आत थेसिस पाठवा. आज चुकलं की वर्ष गेलं.

तिनं निवाडा घातला. लॅटेक सॉफ्टवेअरनं तळटीपांचे आकडे आपणहून पुढं सरकवले. पण तिनं घाईत हातानं टाइप केलेले 'इबिड' जागचे हलले नाहीत. इबिड म्हणजे वरचाच निवाडा, आणि वर तर नवाच पाहुणा येऊन बसला होता. रुक्मानं, ठेकामजुराच्या विधवेनं, कोर्टात मिळवलेला हक्क भलत्याच्याच नावावर दिसत होता. असे इबिड एकोणसाठ.

पोलाद कारखान्यात रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून रिटायर झालेले तेजराम सेक्टर दहामधल्या आपल्या क्वार्टरात लेकीमागं उभे होते. काय बिघडलं ते त्यांनी दोनदा विचारून घेतलं.

"बाई, आमी रेलवर कदी 'मागच्यावानी' लिवलं नाई," ते म्हणाले. "परत्येक रेलवर तिचा आपला हीट नंबर, भट्टीतल्या कोन्त्या घानीची थे सांगनारा. मधातली एक उचलली तरी मागची हरवत नाई."

उत्कर्षा थांबली. प्रत्येक निवाड्याची खूण सॉफ्टवेअरच्या यादीत आधीच होती. प्रत्येक तळटीपेत ती खूण टाकली, तर इबिड कुठं लावायचं ते सॉफ्टवेअर स्वतःच बघणार होतं.

"बाबा, तुमी जुनी छापील प्रत वाचून सांगा, इबिड आलं की वरचंच नाव. मी टाकत जाते."

ते निवाड्यांची नावं वाचू लागले. रुक्मा, रुक्मा, कवडू, पुन्हा कवडू, मग देवाजी. दहाव्या टिपेपर्यंत त्यांचा आवाज भजनाच्या चालीवर गेला, आणि तिची बोटं त्या ठेक्यावर पडू लागली.

चार पस्तीसला तिनं फाइल चालवली. पानाच्या तळाशी निवाड्यांऐवजी नुसत्या खुणांचीच जाड नावं उमटली.

"हे काय झालं वं?"

"आणखी फिरवा लागते, बाबा. पहिल्या फेरीत ते नुसत्या खुणाच टिपते."

पुन्हा फिरवली. रुक्माखाली रुक्माचा निवाडा, कवडूचा कवडूला, आणि इबिड अगदी हवं तिथं. तिनं त्या प्रकरणाचं पानन् पान ताडून पाहिलं. मग पाठवून दिलं.

चार त्रेपन्नला मॅडमचं उत्तर आलं: मिळालं.

उत्कर्षा खुर्चीतच मागं रेलली. इतका वेळ आवळून धरलेले खांदे सैल झाले आणि उगाच हसू फुटलं. तेजराम दूध आणतो म्हणून बाहेर पडले. कुंपणापाशीच थांबून ते शेजाऱ्याला सांगत होते, "आमच्या बाईची थेसिस गेली. पुरी." खिडकीतून सगळं ऐकू येत होतं. दुधाची मात्र कोणालाच घाई नव्हती.